कलीमची पुस्तके : ‘तौबतुन्नसूह’ पुन्हा वाचताना

उर्दू माध्यमात शिकलेल्या माणसाला डेप्युटी नजीर अहमद हे नाव नवे नाही. मराठी माध्यमात शिकलेल्या आपल्या भावाबहिणींनी ते बहुधा ऐकलेले नसते, आणि ऐकलेले असले तरी ‘मुलींना चांगले वळण लावणारी पुस्तके लिहिणारे मौलवी’ एवढेच. ‘मिरातुल उरूस’ (१८६९), ‘बनातुन्नअश’ (१८७२) आणि ‘तौबतुन्नसूह’ (१८७४) ही त्यांची तीन पुस्तके उर्दू कादंबरीच्या पायाचे दगड मानली जातात. पायाच्या दगडांचे जे होते तेच यांचेही झाले. त्यांच्यावर इमारत उभी राहिली आणि मग त्यांच्याकडे कुणी वाकून पाहिले नाही.

आम्ही या लेखात यांपैकी तिसऱ्या पुस्तकाविषयी बोलणार आहोत. तौबा, तरबियत आणि दीनदारी शिकवणारे पुस्तक म्हणून ते आपल्याकडे नावाजले गेले. ते खोटे नाही. पण या पुस्तकाने ज्या मुलाला गुन्हेगार ठरवले तोच त्यातला सर्वांत जिवंत माणूस आहे. ही गोष्ट नजरेआड करून कादंबरी वाचली तर तिचा अर्धाच भाग आपल्या हाती लागतो. आणि उरलेला अर्धा भाग आज आपल्या घरांना, शाळांना आणि आपल्या लेखकांना अधिक गरजेचा आहे, असे आम्हांला वाटते.

आधी लेखकाविषयी थोडे. नजीर अहमद बिजनौर जिल्ह्यातले. घरची गरिबी. दिल्लीला मशिदीत राहून शिकले आणि पुढे दिल्ली कॉलेजात दाखल झाले. वडिलांना इंग्रजी शिकणे मान्य नव्हते, म्हणून तिथेही अरबीच्या वर्गात बसले. इंग्रजी त्यांनी नंतर स्वतःच्या हिमतीवर मिळवली. भारतीय दंडसंहितेच्या उर्दू भाषांतरात त्यांचा मोठा वाटा होता. पुढे ते डेप्युटी कलेक्टर झाले आणि ‘डेप्युटी’ ही पदवी नावाला कायमची चिकटली. १८७७ पासून काही वर्षे ते हैदराबाद संस्थानात सालारजंगांच्या कारभारात नोकरीला होते. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. म्हणजे हा माणूस आपल्याला वाटतो तितका दूरचा नाही. १९१२ साली त्यांचे निधन झाले.

‘मिरातुल उरूस’ त्यांनी घरच्या मुलीला वाचायला काही धड पुस्तक मिळेना म्हणून लिहिली. त्याच सुमारास, १८६८ साली, वायव्य प्रांताच्या सरकारने देशी भाषांतल्या उपयुक्त पुस्तकांसाठी बक्षिसे जाहीर केली होती. ‘मिरातुल उरूस’ला एक हजार रुपयांचे बक्षीस मिळाले आणि सरकारने तिच्या दोन हजार प्रती घेतल्या. ‘तौबतुन्नसूह’लाही पुढे एक हजाराचे बक्षीस मिळाले. १८८४ साली तिचा इंग्रजी तर्जुमाही निघाला. ही बक्षिसाची गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण तिचा संबंध पुढे येणार आहे.

आता कथानक. दिल्लीत कॉलऱ्याची साथ आली आहे. नसूह नावाचा खाऊनपिऊन सुखी गृहस्थ आजारी पडतो. औषधाच्या गुंगीत त्याला स्वप्न पडते. स्वप्नात आखिरतची कचेरी भरली आहे, आणि त्याचा मरण पावलेला बाप आपल्या कर्मांचा हिशेब हाती घेऊन तिथे उभा आहे. नसूह जागा होतो तो बदललेला. आपण नमाज सोडली, मुलांना वाऱ्यावर सोडले, याची त्याला शरम वाटते. तो बायकोला, फहमीदाला, विश्वासात घेतो आणि दोघे मिळून घर सुधारायला निघतात. धाकटा सलीम आणि मधला अलीम सहज वळतात. छोटी हमीदा तर आईला असे भोळे प्रश्न विचारते की आईच विचारात पडते. अडचण येते ती मोठ्या दोघांची. नईमा लग्न झालेली, एका मुलाची आई, सासरी पटत नाही म्हणून माहेरी येऊन राहिलेली. आणि थोरला कलीम शायर, छानछोकीचा, दोस्तांच्या गराड्यात राहणारा.

नईमा आणि तिच्या आईचे भांडण वाचावे. दीनाबद्दल नईमाच्या तोंडून उणा शब्द जातो आणि आई तिच्या थोबाडीत मारते. पुढचा सगळा आकांत, रुसणे, जेवण सोडणे, खालाच्या मुलीला बोलावणे, हे इतके खरे उतरले आहे की ती दिल्ली आहे हे आपण विसरतो. असे भांडण औरंगाबादच्या मोहल्ल्यात किंवा रत्नागिरीच्या वाडीत झाले असते तरी फक्त बोली बदलली असती. नजीर अहमदांना घरातल्या बायकांची भाषा कानाने पाठ होती. उर्दूत तोवर परींची आणि शहजाद्यांची भाषा होती. चुलीजवळची भाषा छापील कादंबरीत आणण्याचे श्रेय त्यांना द्यावे लागते.

नईमा वळते. कलीम वळत नाही. बाप त्याला वर बोलावतो, तो जात नाही. भाऊ समजावतो, आई समजावते, बाप पत्र लिहितो. कलीम घर सोडून जातो, पण बापासमोर येऊन बसत नाही. या ठिकाणी वाचकाने थोडे थांबावे. एकाच घरात, एक मजला वर आणि एक मजला खाली, बाप आणि मुलगा राहतात. त्यांच्यात निरोप जातात, चिठ्ठी जाते, मध्यस्थ जातात. समोरासमोर बोलणे तेवढे होत नाही. नजीर अहमदांनी यावर वेगळे भाष्य केलेले नाही, त्यांनी फक्त घडले ते मांडले आहे. कादंबरीतल्या सगळ्या नसीहतींपेक्षा हे न झालेले बोलणे आम्हांला मोठे वाटते.

मग येतो तो प्रसंग, ज्यासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला. कलीम गेल्यावर बाप त्याच्या खोल्या पाहायला जातो. कलीमने एका दालनाला इशरत मंझिल आणि दुसऱ्याला खलवतखाना अशी नावे दिली आहेत. तिथे सजावट आहे, तसबिरी आहेत, गंजिफा-बुद्धिबळ आहे आणि उत्तम बांधणीच्या पुस्तकांनी भरलेले कपाट आहे. नसूह पुस्तके चाळतो. त्याला ती सगळी ईमान बिघडवणारी वाटतात. तो त्यांना आग लावतो. ‘फसाना-ए-अजायब’, मीर हसनची मसनवी, जाफर जटल्ली, उर्दू-फारसीचा निम्मा वारसा त्या ढिगात आहे. हे पाहून अलीमही आपली दोन पुस्तके आणून आगीत टाकतो. एक आतिश या शायरचे, दुसरे शररचे. आतिश म्हणजे आग आणि शरर म्हणजे ठिणगी. पुस्तके जाळण्याच्या प्रसंगातही नजीर अहमदांना श्लेष करायचा मोह आवरला नाही! शायरीच्या नादाने मुलगा बिघडला असे सांगणारा लेखक स्वतः शायरीच्या भाषेत पुरता मुरलेला आहे. हात आग लावतो आहे आणि जीभ मजा घेते आहे.

फहमीदा या आगीने चकित होते. नसूह तिला आठवण करून देतो की तिला ‘गुलिस्ताँ’ शिकवताना त्याने कितीतरी ओळींवर शाई फिरवली होती, पानांवर कोरा कागद चिकटवला होता. शेख सादींच्या पुस्तकाची ही गत, तर बाकीच्यांची काय कथा, असा त्याचा रोख. आमच्या मते कादंबरीतले सर्वांत प्रामाणिक ठिकाण हेच. कारण ‘गुलिस्ताँ’ हे शतकानुशतके मदरशात मुलांच्या हाती दिले गेलेले पुस्तक. त्यातही झाकण्यासारखे आहे, असे एकदा ठरले की मग कोणते पुस्तक उरते? नसूहच्या तर्काला शेवट नाही. शाईपासून निघालेला माणूस आगीपर्यंत जातो, आणि हा रस्ता लेखकाने बरोबर दाखवला आहे, मग त्याच्या मनात काहीही असो.

नसूहवर अन्याय होऊ नये. तो खलनायक नाही. साथीत घरातली माणसे डोळ्यांसमोर गेलेला तो बाप आहे. मरण दारात येऊन परत गेले आहे आणि मुलांसाठी आता किती दिवस उरले याचा त्याला भरवसा नाही. दुसरे असे की तो सुरुवात स्वतःपासून करतो. मुले बिघडली ती आपल्यामुळे, हे तो बायकोपुढे कबूल करतो. आपल्याकडे किती बाप असे कबूल करतात? आणखी एक गोष्ट आजच्या वाचकाने मुद्दाम पाहावी. मधल्या अलीमला चांगल्या वाटेला लावण्यात एका पाद्र्याने दिलेल्या पुस्तकाचा हात आहे. १८५७ नंतर अवघ्या सतरा वर्षांनी एक मुसलमान मौलवी हे लिहितो, एवढे मन त्याच्यापाशी होते.

पण १८५७ची आठवण आली की त्या आगीचा अर्थ अधिक जड होतो. त्या वर्षीच्या धामधुमीत दिल्लीतली किती ग्रंथालये लुटली गेली! ज्या दिल्ली कॉलेजात नजीर अहमद शिकले, त्याचे ग्रंथालयही त्यातच लुटले गेले. ज्या शहराची पुस्तके दंगलीत गेली त्याच शहरात, कादंबरीत का होईना, उरलेली पुस्तके घरचाच माणूस जाळतो. आणि अशा पुस्तकाला सरकारी बक्षीस मिळते. उर्दूची जुनी शायरी निरुपयोगी आणि अनीतीची, हे मत त्या काळी साहेबाच्या कचेरीतही होते आणि आपल्या सुधारकांच्या मनातही. कुणाचे कुणी उचलले हे वेगळे काढणे सोपे नाही. ‘तौबतुन्नसूह’चा सांगाडा डॅनियल डिफो या इंग्रज लेखकाच्या ‘फॅमिली इन्स्ट्रक्टर’ (१७१५) या पुस्तकावर बेतलेला आहे, हे अभ्यासकांनी दाखवले आहे. सांगाडा परका असेल, पण त्यावरचे मांस आणि रक्त दिल्लीचे आहे.

मराठी वाचकाला हा वाद ओळखीचा वाटेल. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची. विधवांची दुःखे सांगून समाज बदलावा, हा तिचा हेतू. म्हणजे मराठीतही पहिली कादंबरी सुधारणेच्याच पोटी जन्मली. पुढे लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ (१८६१) सारख्या अद्भुतरम्य कथांचा सुकाळ झाला आणि १८७२ साली का. बा. मराठे यांना ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ लिहून त्या प्रकाराचा समाचार घ्यावासा वाटला. दिल्लीत नसूह कपाट रिकामे करतो आहे आणि महाराष्ट्रात निबंधकार कादंबरीची झडती घेतो आहे, तेही एकाच दशकात. वाचनाने माणूस घडतो की बिघडतो, हा प्रश्न एका कौमचा कधीच नव्हता.

आता कलीमकडे वळू. घर सोडून तो मिर्झा जाहिरदार बेग नावाच्या दोस्ताकडे जातो. हा मिर्झा बड्या हवेलीचा वारस म्हणून मिरवत असतो. प्रत्यक्षात त्याचे बिऱ्हाड कसे आहे ते त्या रात्री उघडे पडते. तो कलीमला वटवाघळांनी भरलेल्या ओसाड मशिदीत उतरवतो आणि रात्रीच्या जेवणाला भाजलेले चणे आणून देतो. त्या चण्यांचे तो असे काही वर्णन करतो की नवाबाच्या दस्तरखानावरचे पक्वान्न फिके पडावे. उर्दूच्या अनेक पाठ्यपुस्तकांत हाच उतारा आलेला आहे. मुले तो हसत हसत वाचतात, आणि ‘जाहिरदार बेग’ हे दिखाऊ माणसाचे नावच होऊन बसते. यातली गंमत पाहा. तौबा शिकवणाऱ्या या ग्रंथातून वेचा निवडायची वेळ आली की निवडणारा नसूहच्या उपदेशाचे पान सोडून कलीमच्या फजितीचे पान उचलतो. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनीही नकळत कलीमच्या बाजूने कौल दिला आहे.

‘मिरातुल उरूस’चेही तसेच. असगरी शहाणी, हिशेबी, घर सावरणारी आणि पुढे मुलींची शाळा चालवणारी. तिच्याबद्दल आदर वाटतो. पण वर्गात संवाद वाचायला सांगितले की मुलींना अकबरी व्हायचे असते. अकबरी चुकते, रागावते, हजला जाऊन आलेल्या बाईचे सोंग घेणाऱ्या ठगिणीकडून फसते. तिच्या अंगात रक्त आहे. असगरीच्या अंगात गुण आहेत. साहित्यात गुणांपेक्षा रक्त जास्त दिवस टिकते.

कलीमचा शेवट लेखकाने ठरवून केला आहे. चोरीचा आळ, कर्ज, नातेवाइकाच्या जाळ्यात सापडून गमावलेली इस्टेट. मग तो दरबारी शायर होण्याच्या आशेने दौलताबादला जातो. हे दौलताबाद म्हणजे आपल्या औरंगाबादजवळचा किल्ला नव्हे, कादंबरीतले छोटे संस्थान. तिथेही जमाना बदललेला असतो, कसीदे ऐकणारा दरबार उरलेला नसतो. शायर फौजेत भरती होतो, पायाला जखम घेऊन दिल्लीला परततो आणि आपल्या माणसांत पश्चात्ताप करून मरतो. बापाची बाजू सिद्ध होते. पण वाचकाला हुंदका येतो तो कलीमसाठी. त्याच्या मरणाने नसूह बरोबर ठरला की उशीर झाल्याचे फक्त दिसून आले, हा प्रश्न मिटवणे लेखकाला जमलेले नाही. जमले नाही म्हणूनच ही कादंबरी झाली. नाहीतर ती नुसती नसीहत राहिली असती.

नजीर अहमदांच्या आयुष्याचा शेवटचा भाग या कादंबरीवर वेगळाच उजेड टाकतो. त्यांनी कुरआनचा उर्दू तर्जुमा केला. त्यातल्या दिल्लीच्या घरगुती मुहावऱ्यांवर काही उलेमांनी आक्षेप घेतला. पुढे त्यांनी पैगंबरसाहेबांच्या पत्नींविषयी ‘उम्महातुल उम्मा’ हे पुस्तक लिहिले. अझवाजे मुतह्हरातबद्दल एवढ्या सलगीची भाषा वापरावी, हे लोकांना रुचले नाही. वाद पेटला आणि त्या पुस्तकाच्या प्रती जाळण्यात आल्या. भाषेचा अदब सुटला होता की नाही, हा वेगळा विषय आहे. पण ज्या लेखणीने कलीमचे कपाट जाळले, त्याच लेखणीच्या पुस्तकापर्यंत ती आग येऊन पोचली, ही हकीकत आहे. नसूहच्या हातात काडी देताना लेखकाला वाटले असेल की काय जाळायचे ते आपण ठरवू. काडी एकदा हातातून गेली की ती कुणाच्या ताब्यात राहत नाही.

हे सारे आज कशासाठी आठवायचे? आम्ही उर्दू शाळेत शिकवणारी माणसे. आपल्या किती शाळांत पुस्तकांचे कपाट असते आणि त्याला कुलूप असते, हे पालकांनी एकदा जाऊन पाहावे. पुस्तके फाटतील ही एक भीती. मुले भलतेच वाचतील ही दुसरी, आणि दुसरी पहिलीपेक्षा मोठी. घरातही तेच. मुलगी अभ्यासाचे पुस्तक सोडून कादंबरी वाचताना दिसली की कपाळाला आठी पडते. दरम्यान त्याच घरात त्याच मुलांच्या हाती मोबाईल आहे आणि त्यात काय काय आहे ते आईबापांना माहीत नाही. म्हणजे आपण नसूहच्या धाकाने पुस्तक तेवढे बंद केले, बाकी दारे सताड उघडी आहेत. आणि बोलणे? ते आजही निरोपांनीच चालले आहे. अम्मी मुलाचे म्हणणे अब्बांना सांगते, अब्बांचे रागावणे मुलाला सांगते. वरचा मजला आणि खालचा मजला अजून तसाच आहे.

दुसरी गोष्ट आपल्या लेखकांसाठी. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. आपण मराठीत आपले जगणे लिहावे, ही त्यामागची तळमळ. तेव्हापासून अंक निघाले, कथासंग्रह आले, लिहिणारे हात वाढले. पण आपल्या इस्लाही कथा वाचताना पुष्कळदा असे जाणवते की त्यांत नसूह भरपूर आहेत आणि कलीम नाहीच. बिघडलेला मुलगा पहिल्या पानावर दारू पितो आणि शेवटच्या पानावर रडतो. मधल्या पानांत तो काय म्हणतो, हे ऐकायला लेखक तयार नसतो. नजीर अहमद तयार होते. त्यांनी कलीमला बोलू दिले, हसवू दिले, शायरी करू दिली, आणि मगच त्याचा निवाडा केला. निवाडा आपल्याला मान्य नसला तरी साक्ष पूर्ण घेतली गेली आहे. आपल्या लेखकांनी त्यांच्याकडून निदान एवढे घ्यावे. सुधारायला निघालेल्या कथेत ज्याला सुधारायचे त्याचे म्हणणे सर्वांत चांगल्या भाषेत आले पाहिजे. तसे झाले नाही तर वाचकही सुधारत नाही आणि कथाही उभी राहत नाही.

‘तौबतुन्नसूह’ मुलांच्या हाती द्यावी का, असे सहकारी शिक्षक विचारतात. द्यावी. उतारा तोडून न देता पूर्ण द्यावी, कोरा कागद न चिकटवता द्यावी. बापाचे स्वप्न वाचून घ्यावे, चणे खाऊन हसावे आणि पुस्तके जळतात ते पान वर्गात मोठ्याने वाचावे. मग मुलांना एकच विचारावे, त्या ढिगातून तुम्हांला एक पुस्तक उचलायला मिळाले असते तर कोणते उचलले असते? या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर मुलाला मीर हसन कोण, आतिश कोण, हे शोधावे लागेल. त्यासाठी कपाटाचे कुलूप काढावे लागेल. किल्ली आपल्याच खिशात आहे.